एक्क्यांची जोडी, पहिल्या तासात

लाइव्ह पोकर टूर्नामेंटचा पहिला तास मला सगळ्यात आवडतो. सगळ्यांपुढे सारख्या चिप्स, कोणाचंच अजून काही बिनसलेलं नाही. कोणी पुण्याहून रात्रीच्या बसने आलेला असतो, कोणी बेळगावहून पहाटे गाडी काढून, कोणी हैदराबादहून विमानाने. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच झाला, त्यामुळे आमच्यासारख्यांना गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोच्या बोटी गाठाव्या लागतात. बोटीवर चढेपर्यंत ओळखी होतात आणि टेबलावर बसल्यावर त्याच गप्पा पुढे चालू राहतात. ३०,००० चिप्स आणि १००-२०० चे ब्लाइंड (दर डावात दोघांनी पानं बघण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या रकमा; मोठी ती बिग ब्लाइंड), म्हणजे प्रत्येकाच्या हाताशी दीडशे बिग ब्लाइंड. दोनशे टाकले की फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं, बघायला मिळतो. तीस हजारांतून दोनशे गेले तर कोणाला काय वाटणार?

या तासाकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. गोष्टी सांगितल्या जातात त्या फायनल टेबलच्या, नाहीतर ब्लफच्या. मला मात्र वाटतं, या सैल वेळात हातात खरोखर मोठी पानं आली की माणूस काय करतो, यावरून त्याचा खेळ जितका कळतो तितका दुसऱ्या कशावरून कळत नाही. वाईट पानं टाकून द्यायला शिस्त लागते, ती थोडीफार सगळ्यांना येते. चांगली पानं नीट खेळणं त्याहून अवघड.

आधी ती येतात किती वेळा ते बघू. ५२ पानांतून दोन पानांचे १,३२६ संच होतात, त्यात एक्क्यांच्या जोडीचे फक्त सहा. सरासरी २२१ डावांतून एकदा. मोबाइलवर हा आकडा कोणाला टोचत नसे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला, त्याआधी एकाच वेळी चार-चार टेबलं उघडून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना एका संध्याकाळीत दोनदा-तीनदा एक्के दिसायचे. खऱ्या टेबलावर डीलर पानं पिसतो, वाटतो, कोणी विचारात पडतं, कोणी चहा मागवतं. तासाला पंचवीस-तीस डाव झाले तरी खूप. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सहा लेव्हल (लेव्हल बदलली की ब्लाइंड वाढतात) म्हणजे तीन तास, जेमतेम ऐंशी डाव. तेवढ्यात एक्के एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात तीस. दहातल्या सात जणांना त्या तीन तासांत त्यांचं दर्शनही होत नाही.

म्हणून पानांचा कोपरा उचलताना इस्पिकचा आणि बदामचा एक्का एकदम दिसला की छातीत धडधडतं. वर्षानुवर्षं खेळलेल्यांचंही धडधडतं. आणि मनात पहिला विचार येतो तो हाच, की हे वाया जाता कामा नये. मोठं मारलं तर सगळे पळतील. मग हळूच दोनशे पुढे सरकवायचे, काही नसल्यासारखं बसायचं आणि कोणीतरी अडकायची वाट बघायची.

ही सवय आपल्याला कुठून लागली असावी, याचा मी बराच विचार केला आहे. माझं उत्तर तीनपत्ती. पत्ते आपण शिकतो ते घरात. मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात आणि मेंढीकोट, गणपतीच्या जागरणाला रमी, आणि वडीलधारी झोपली की तीनपत्ती. तीनपत्तीत वाटलेली तीन पानं हाच अख्खा हात. तीन एक्क्यांची ट्रेल २२,१०० पैकी चारच प्रकारे येते, पण एकदा आली की ती शेवटपर्यंत तीन एक्क्यांची ट्रेलच. पुढे कुठलंही पान उघडायचं नसतं, त्यामुळे तिला धक्का लावणारं काही येऊच शकत नाही. तिथे दबून खेळणं, बारीक चाल देत समोरच्याला पुढे पुढे नेणं, हे शहाणपणाचं आहे. डाव जितका लांबेल तितका पैसा वाढतो आणि धोका मात्र वाढत नाही.

होल्डेममध्ये, म्हणजे आम्ही खेळतो त्या पोकरमध्ये, तुमच्या हातातली दोन पानं म्हणजे सातांपैकी दोन. उरलेली पाच टेबलावर उघडायची असतात (फ्लॉपला तीन, टर्नला एक, रिव्हरला शेवटचं), ती सगळ्यांची असतात आणि त्यातलं प्रत्येक पान समोरच्या कोणाच्या तरी कामाचं असू शकतं. आपल्याला तिसरा एक्का लागला नाही, तर आपली जोडी फ्लॉपला, टर्नला, रिव्हरला थोडीथोडी म्हातारी होत जाते. एका कुठल्याही हातासमोर एक्के शंभरात पंचाऐंशी वेळा जिंकतात. चौघांसमोर छप्पन. नऊ जणांच्या टेबलावर सगळ्यांनाच आत येऊ दिलं तर पस्तीस. तीनपत्तीत मुरलेला हात ट्रेल समजून एक्के दाबून ठेवतो, आणि तेवढ्यात ते ट्रेल उरलेले नसतात.

इथे हिशेबी वाचक मला अडवेल. नऊ जणांच्या पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्समध्ये, पस्तीस टक्के वाटा म्हणजे इतरांपेक्षा कितीतरी जास्त, मग तोटा कुठे? बरोबर आहे. पण हा आकडा पाचही पानं उघडेपर्यंत कोणीच काही लावणार नाही असं धरून काढलेला आहे. खऱ्या डावात फ्लॉप पडतो तेव्हा प्रत्येकामागे तीस हजारांच्या आसपास उरलेले असतात. ज्याला दोन जोड्या लागल्या त्याला कळलेलं असतं, ज्याला सेट (हातातल्या जोडीला टेबलावर तिसरं तसंच पान) लागला त्याला कळलेलं असतं, आणि एक्के धरून बसलेल्याला कुणाला काय लागलं याचा पत्ता नसतो. उरलेल्या चिप्सची सगळी लढाई तो अशी अंधारात लढतो. पानं आपली मोठी, पण माहिती समोरच्याकडे.

म्हणून मी सुरुवातीच्या लेव्हल्सना मोठी पानं उघडपणे आणि मोठ्या रकमेने खेळते. आणि नंतर, बोर्ड बिघडला तर, थांबते. सांगायला दोन वाक्यं आहेत. टेबलावर दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा फार जड जातं.

एक डाव सांगते. ब्लाइंड १००-२००, शिवाय बिग ब्लाइंडने सगळ्या टेबलाच्या वतीने भरायचा अँटी २००. माझ्या आधी तिघांनी नुसते दोनशे टाकून लिंप केलेलं. मी बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलायच्या जागेवर, हातात दोन राजे. आता सहाशे करायचे की सोळाशे? सहाशे केले तर हे तिघे आणि बिग ब्लाइंड, चौघेही येणार. सकाळच्या वेळी येतातच. इतक्या लांबून आलेला माणूस चारशे वाचवायला पानं टाकत नाही, त्याला खेळायचं असतं. पॉट होतो ३,३००, मागे राहतात २९,४००, म्हणजे पॉटच्या जवळजवळ नऊपट. ज्याच्याकडे पंज्यांची जोडी आहे त्याने आणखी चारशे घालायचे आणि सेट लागला तर २९,४०० वर डोळा ठेवायचा. सेट साधारण साडेआठ वेळांतून एकदा लागतो. त्र्याहत्तर पटीचं आमिष असताना त्याने कॉल का करू नये? त्याच्या जागी मीही करेन.

सोळाशे केले की त्याला चौदाशे घालावे लागतात आणि मिळण्याजोगे राहतात २८,४००, म्हणजे वीसपट. तोही सौदा सेट लागल्यावर समोरचा सगळं देणारच असेल तर बरा. चौघे आले असं धरलं तरी पॉट ८,३०० होतो आणि मागे साडेतीनपटही उरत नाही. पुढचे निर्णय सोपे होतात, चुकीला जागा कमी राहते. आणि खरं सांगायचं तर चौघे येतच नाहीत. एखादा येतो. राजांना तेच हवं असतं.

मी सोळाशे केले. ज्याने सगळ्यात आधी लिंप केलं होतं त्या पांढऱ्या केसांच्या काकांनी कॉल केला, बाकीच्यांनी पानं टाकली. पॉट ४,१००. फ्लॉप आला इस्पिक एक्का, बदाम नव्वी, चौकट चव्वी. राजांची जोडी हातात असताना फ्लॉपला एक्का दिसणं शंभरात बावीस-तेवीस वेळा होतं. तक्रार करण्याइतकं ते दुर्मीळ नाही. काकांनी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, मीही तेच केलं. टर्नला किलवर दुर्री. त्यांनी दोन हजार लावले, मी कॉल केला. रिव्हरला गुलाम. त्यांनी क्षणभरही न थांबता सात हजार पुढे सरकवले. मी मिनिटभर विचार केला आणि राजे टाकले.

उरल्या २६,४००. एकशे बत्तीस बिग ब्लाइंड. म्हणजे टूर्नामेंट अजून सगळी शिल्लक.

ब्रेकमध्ये डेकवर शेजारचा कोल्हापूरचा मुलगा भेटला. काय होतं म्हणून विचारल्यावर मी सांगितलं. त्याला पटेना. “किंग्ज टाकले व्हय तुम्ही? आणि ताई, एवढं मोठं मारायचंच कशाला? सगळी पळाली की. गप लिंप करून बसला असता तर चार जण आले असते.” मी म्हटलं, आले असते, आणि एक्का तरीही पडला असता. मग त्या चौघांतल्या कोणाकडे एक्का आहे हे मी कसं ओळखलं असतं? सोळाशेला एकटे काका आले, म्हणून त्यांच्या हाताचा अंदाज बांधता आला. लिंप करून सोळाशे भरणाऱ्या माणसाकडे एक तर मधली जोडी असते, नाहीतर एखादा बरा एक्का. तो टर्नला लावतो आणि रिव्हरला पॉटच्या आसपास लावतो, तेव्हा मधली जोडी यादीतून जाते. मोठ्या रेजने पैसे वाढतात हे सगळे सांगतात. त्याने माहितीही मिळते, आणि ती पहिल्या तासात फार स्वस्तात मिळते, हे कोणी सांगत नाही.

काकांकडे एक्का होता की नव्हता, मला माहीत नाही. त्यांनी पानं दाखवली नाहीत आणि त्यांनी ती दाखवावीत अशी माझी अपेक्षाही नव्हती.

पहिल्या तासात मोठ्या पानांवर बाहेर पडण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१७ चं आहे. लास वेगसच्या रिओमध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट. प्रवेश १०,००० डॉलर, ५०,००० चिप्स, दोन-दोन तासांच्या लेव्हल, आणि एकदा गेलात की पुन्हा प्रवेश नाही. या सिरीजमधली विजेत्याची तीन ब्रेसलेट जिंकलेली व्हेनेसा सेल्ब्स्ट पहिल्याच लेव्हलला बसली, तिला एक्क्यांची जोडी आली. समोर फ्रान्सची गाएल बोमान, जी २०१२ मध्ये याच स्पर्धेत दहावी आली होती. तिच्याकडे सत्त्यांची जोडी. फ्लॉपला एक्का, सत्ती, पंजी. दोघींनाही सेट. टर्नला चौथी सत्ती. सेल्ब्स्टकडे एक्क्यांचा फुल हाउस (तीन एक्के, दोन सत्त्या), बोमानकडे चार सत्त्या. रिव्हरनंतर बोमानने ऑल-इन केलं, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स लावल्या, सेल्ब्स्टने बराच विचार करून कॉल केला आणि तिची स्पर्धा संपली.

हा डाव दाखवून लोक म्हणतात, बघा, एक्के कसे घात करतात. मला हे अजिबात मान्य नाही. त्या बोर्डवर तिला हरवणारा, धरण्याजोगा हात एकच होता आणि तो पानांच्या एकाच जुळणीत बनतो. तिथे पन्नास हजार जाणं हा खेळाचा भाग आहे. मला त्या डावात भावतो तो तिने घेतलेला वेळ. हातात फुल हाउस, आणि तरीही ती स्वतःला विचारते आहे की हे टाकता येईल का. हजारातले नऊशे नव्याण्णव खेळाडू त्या जागी चिप्स आधी ढकलतात आणि विचार मग करतात. आपल्याकडे पहिल्या लेव्हलला दीडशे ब्लाइंड ज्या पानांवर जातात ती फुल हाउस नसतात. ती एक जोडी असते, बहुतेकदा एक्क्यांची किंवा राजांची, आणि बोर्डवर आठ-नऊ-दहा पडलेले असतात.

हातात राजे असताना टेबलावर एक्क्यांची जोडी कोणाकडे असेल का, ही धास्ती मात्र मी फार बाळगत नाही. नऊ जणांत तसं घडण्याची शक्यता पंचवीस वेळांत एक. फ्लॉपच्या आधीच राजे टाकणारे शूर मला भेटले आहेत. त्यांच्याशी वाद घालत नाही, पण तसं खेळतही नाही. हां, हाताशी दीडशे ब्लाइंड असताना तिसरा, चौथा रेज होऊन तासभर एकही डाव न खेळलेला माणूस पाचवा रेज करतो, तेव्हा त्याच्याकडे बघावं. त्याचे हात थरथरत असतील तर तो घाबरलेला आहे असं समजू नये. हात बहुतेकदा थरथरतात ते मोठ्या पानांनी.

राण्यांची जोडी आणि एक्का-राजा यांचं वेगळं असतं. एक्का-राजा हे हात नसून हाताचं आश्वासन आहे. राण्यांसमोर ते शंभरात त्रेचाळीस वेळा जिंकतं, एकाच रंगाचं असेल तर सेहेचाळीस. ब्लाइंड वाढून हाताशी थोडेच उरले की हे दोन्ही हात बिनधास्त ऑल-इनचे. पहिल्या तासात नाहीत. पहिल्या तासात मी ते रेज करून खेळते आणि कोणी परत रेज केलं तर कॉल करून फ्लॉप बघते. याहून जास्त त्यांच्याबद्दल इथे सांगण्यासारखं नाही.

जास्त सांगायचंय ते टेबलावर ऐकू येणाऱ्या दोन उपदेशांबद्दल. एक म्हणतो, सुरुवातीला टूर्नामेंट जिंकता येत नाही, हरता मात्र येते, म्हणून जपून. दुसरा म्हणतो, पहिल्या तासात दुप्पट करा नाहीतर घरी जा. पहिल्याचं ऐकणारा एक्के आले तरी दबकत खेळतो, कारण त्याला पॉट मोठा व्हायलाच नको असतो. खरं तर इतक्या लवकर बक्षिसं फार दूर असतात. त्या वेळी कमावलेल्या हजार चिप्सची किंमत गमावलेल्या हजारांपेक्षा अगदी किंचित कमी. भीती वाटावी इतका तो फरक नाही. त्यामुळे ज्या क्षणी आपण पुढे आहोत हे नक्की माहीत असतं त्या क्षणी पैसे न लावणं हा साधा तोटा आहे. लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाण्याचाच प्रकार.

दुसऱ्या उपदेशामागे मला री-एंट्री दिसते. पहिल्या सहा-आठ लेव्हलपर्यंत पुन्हा पैसे भरून बसता येतं, आणि ते पैसे आधीच वेगळे काढून ठेवलेला माणूस फ्लॉपला एक जोडी लागली की सैल होतो. गेले तर गेले, परत बसू. पण टेबलावर ज्या चिप्स आहेत त्यांची किंमत खिशात आणखी पैसे असल्याने कमी होत नाही. मी री-एंट्री करूच नये असं म्हणत नाही. पहिल्या पानापासून ती नाहीच असं धरून खेळणारी माणसं मला जास्त चांगली खेळताना दिसली आहेत, एवढं मात्र खात्रीने सांगते.

ब्रेकनंतर चौथ्या लेव्हलला त्या कोल्हापूरच्या मुलालाच एक्के आले. अर्थात ते तेव्हा मला माहीत नव्हतं. ब्लाइंड २००-४००. दोघांनी लिंप केलं आणि त्याने थेट २,४०० केले. एकाने कॉल केला. फ्लॉप राणी, छक्की, तिर्री. तो अडीच हजार, समोरून कॉल. टर्नला आणखी एक लहान पान; तो सहा हजार. समोरच्याने पुष्कळ वेळ चिप्स चाळवल्या आणि पानं टाकली. मुलाने आपले दोन एक्के उलटे करून दाखवले, आणि पॉट ओढता ओढता माझ्याकडे वळून म्हणाला, “बघा ताई. एवढंच आलं.”

एवढंच म्हणजे ६,३००. त्या लेव्हलला नऊ जणांच्या एका फेरीला ब्लाइंड आणि अँटी मिळून हजार लागत होते. सहा फेऱ्यांचा खर्च एका डावात निघाला होता आणि त्यासाठी त्याला रिव्हरचं पान बघावं लागलं नव्हतं. मी हे त्याला सांगितलं. त्याने मनातल्या मनात गुणाकार केला असावा, कारण चेहरा जरा उजळला. मग चिप्सच्या चळती लावता लावता थांबला.

“आणि टर्नला त्यानं ऑल-इन मारलं असतं तर?”

“त्याच्यापुढे किती होत्या?”

त्याने मोजल्या नव्हत्या. मान वर करून त्याने टेबलापलीकडे पाहिलं. समोरच्या माणसाने लहान चिप्सच्या उंच चळती पुढे लावल्या होत्या आणि पाच-पाच हजारांच्या मागे ठेवल्या होत्या, त्या इथून दिसत नव्हत्या.

“काका,” तो म्हणाला, “मोठ्या चिप्स जरा पुढं घेता का?”